नकलेवरून नक्कल

जुन्नरच्या न्यायालयात लघुलेखक म्हणून बदली झाली तेव्हा खोली पाहण्यासाठी मी माझ्या घरमालकांच्या दारात उभा राहिलो. इतर घरमालक सहसा नोकरी विचारतात, जेवणाखाण्याच्या सवयी विचारतात. यांनी फक्त गाव विचारले, आणि लगेच पुढे, "इथून कोणत्या दिशेला?"

मी हात केला.

त्यांनी माझे मनगट धरले, हात थोडा डावीकडे सरकवला आणि म्हणाले, "इकडे. वरची खोली मोकळी आहे. पाणी सकाळी येतं."

त्या खोलीत मी निवृत्तीपर्यंत राहिलो आणि निवृत्तीनंतरही. खाली रस्त्याकडे त्यांचे फोटो फ्रेमचे दुकान, दुकानामागे त्यांचे घर, वर मी. देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, वारलेल्या माणसांचे फोटो यांना चौकटी करणे हा त्यांचा धंदा होता. नकाशे हा धंदा नव्हता. काय होते ते मला अजून नीट सांगता येत नाही.

घरात शिरताच ते उत्तर दिशा शोधत. स्वतःच्या घरातली त्यांना पाठ होती. दुसऱ्याच्या घरी गेले की आधी दारातून आकाशाकडे पाहायचे, मग खुर्ची उचलून थोडी फिरवायची आणि बसायचे. यजमानाला वाटे, पंख्याचा वारा लागत नसावा. त्यांना डावे-उजवे चालत नसे. "मीठ तुमच्या पूर्वेला आहे," असे ते ताटावर बसून म्हणत. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, मीठ स्वतःच उचलून देत.

"यांना उत्तर दिशा अंधारात सापडते," काकू मला म्हणाल्या होत्या. "चष्मा नाकावर असला तरी सापडत नाही."

नकाशांचे वेड एका न परतलेल्या गिऱ्हाइकामुळे लागले. कोणीतरी जुन्नरच्या पेठांचा आणि भोवतालच्या गावांचा इंग्रजी अमदानीतला एक नकाशा चौकटीत बसवायला दिला आणि न्यायला आलाच नाही. काही महिने तो दुकानात भिंतीला टेकून उभा होता. काच पुसता पुसता ते वाचू लागले. कसब्याबाहेर एके ठिकाणी बाग दाखवली होती. ते दुकान बंद करून बाग पाहायला गेले. बागेच्या जागी टायरचे दुकान होते. मात्र त्या दुकानामागे विहीर होती, आणि ती नकाशात होती तिथेच होती. त्या दिवशी घरी आले ते विहीर आपण स्वतः खणल्यासारखे.

मग ते नकाशे शोधू लागले. कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या ट्रंकेत, कोठे बंद पडलेल्या कचेरीतून रद्दीत निघालेले. मूळ कागद कोणी देत नसे, त्यामुळे ते नक्कल करत. दुकानात काच भरपूर. दोन लाकडी घोड्यांवर जाड काच आडवी टाकायची, खाली ट्यूबलाइट, वर जुना नकाशा, त्यावर ट्रेसिंगचा कागद. मग शाईने एकेक रेष उतरवायची. पुरी झालेली नक्कल पुण्याला पाठवून मोठ्या कागदावर छापून घेत आणि स्वतः चौकट करत.

मी एकदा म्हणालो, "सरळ फोटो काढून छापा. कष्ट वाचतील."

"फोटोत डाग येतात," ते म्हणाले. "वाळवी येते, चहा येतो, घड्या येतात. डाग म्हणजे नकाशा नव्हे. शाई कोणती आणि डाग कोणता, हे माणसानं ठरवायचं."

हे ठरवण्याचा त्यांना अभिमान होता. हे वाक्य वाचकाने ध्यानात ठेवावे.

एक रिवाज त्यांनी कधी मोडला नाही. नकलेच्या खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात, ते दोनपैकी एक गोष्ट लिहीत. मूळ कागद समोर असेल तर "मुळावरून नक्कल". मूळ पाहिलेच नसेल, कोणी काढलेली प्रत किंवा झेरॉक्स समोर असेल तर "नकलेवरून नक्कल". आमच्या न्यायालयात कागदावर "खरी नक्कल" असा शिक्का मारतात. मी त्यांना तसे सुचवले.

"खरी की खोटी हे मी कसं सांगू?" ते म्हणाले. "कशावरून काढली, एवढंच मला माहीत असतं."

मीही जन्मभर दुसऱ्यांचे शब्दच उतरवले. मला ते उत्तर पटले.

नकाशा सोबत नेऊन गावे पडताळणे हा त्यांचा रविवारचा कार्यक्रम. पुढे पुढे मीही जाऊ लागलो. वर एकट्याने बसून काही करायचे नव्हते. नकाशाला घडी पडू नये म्हणून त्यांनी पाण्याच्या पीव्हीसी पाइपचा एक तुकडा घेऊन दोन्ही तोंडांना टोपणे बसवली होती. त्यात नकाशा गुंडाळून पाइप खांद्यावर. वारूळवाडीला एका घरापुढे आम्ही थांबलो तर आतून बाई आली आणि पाइप पाहून म्हणाली, "आलात व्हय एकदाचे? चार रोज झाले टाकी गळतीय."

ते जिन्याने गच्चीवर गेले, टाकीखालचा नट आवळून आले, चहा घेतला, आणि मग पाइप उघडून नकाशा पसरला. "आता मला सांगा, नदीकडे उतरणारी वाट या घरावरून जात होती का?" बाई बराच वेळ त्यांच्याकडे आणि मग पाइपाकडे पाहत राहिली. वाट तिच्या गोठ्यातून जात होती, असे तिच्या सासूने आतून सांगितले.

त्यानंतर पंचक्रोशीत त्यांचे नाव "पाइपवाले पावणं" असे पडले.

गावात गेल्यावर इथे काय आहे असे ते कधी विचारत नसत. विचारत, "इथलं काय गेलं?" लोक गांगरत. एक म्हातारा म्हणाला होता, "लई गेलं, राव. तुमच्या पाइपात मावायचं न्हाई."

मोबाइलवरच्या नकाशाचा त्यांना राग नव्हता, कीव होती. "यात तुम्ही जिथं जाल तिथं मधोमध तुम्हीच. गाव बिचारं तुमच्याभोवती फिरतं. जुन्या नकाशात आधी स्वतःला शोधावं लागतं."

रेषेत बदल करून मागणारे पुष्कळ आले. प्लॉट पाडून विकणाऱ्या एका गृहस्थाला आपल्या बंगल्याची जागा जुन्या नकाशात दाखवून हवी होती.

"बंगला तेव्हा नव्हता," ते म्हणाले.

"पण जागा तर होती ना?"

"जागा दाखवली आहे. मोकळी."

नवा नकाशा काढून द्या, अशीही मागणी येई. ते नाही म्हणत. "मी काढत नाही. काढलेलं उतरवतो." माझ्या समजुतीप्रमाणे हे सोंग नव्हते. आपल्या मनाने एक रेष ओढायची त्यांना भीती वाटत असे.

आता ज्या प्रसंगामुळे हे लिहायला बसलो तो.

आळेफाट्याच्या एका हॉटेलमालकाला भिंतीवर "काहीतरी जुनं" लावायचे होते. त्याने कोठून तरी एका नकाशाची झेरॉक्स मिळवली आणि मोठी करून मागितली. नकाशा जुन्नरच्या पूर्वेकडचा, नारायणगावावरून पिंपरी पेंढारपर्यंतच्या गावांचा. झेरॉक्स वाईट होती. त्यांनी महिनाभर काचेवर बसून डाग वेचले, घड्या ओळखून गाळल्या, वाटा, ओढे, देवळे उतरवली. कोपऱ्यात लिहिले, "नकलेवरून नक्कल". नकाशा हॉटेलच्या गल्ल्यामागे लागला. चहा येईपर्यंत लोक त्यात आपापली शेते शोधत.

पिंपरी पेंढारच्या अलीकडे एक गाव आहे. नाव लिहीत नाही, कारण या हकिकतीतली माणसे अजून तिथे नांदत आहेत. त्या गावचा मिलिंद हा तरुण पिकअप चालवतो. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट नेतो. त्याचे घर गावाबाहेर ओढ्यापलीकडे. घरावर पंचशीलाचा झेंडा आहे. शेजारी त्याच्याच भावकीची आणखी दोन घरे. तिथे जायला किसनरावांच्या उसाच्या कडेने पायापुरता बांध होता. गाडी फाट्यावर सोडावी लागे. आणि उसात बिबट्या. दिवस मावळला की त्या बांधावरून बायामाणसे टाळ्या वाजवत, मोठ्याने बोलत जात. मिलिंदच्या आईचे, शेवंताबाईंचे, गुडघे गेलेले. पावसाळ्यात दवाखान्यात न्यायचे तर त्यांना खुर्चीत बसवून चौघे खांद्यावर घेत.

किसनरावांच्या शेतातून गाडीरस्ता मिळावा म्हणून या घरांचा तहसीलात अर्ज पडून होता. किसनराव वाईट गृहस्थ नव्हेत. त्यांचे म्हणणे एकच होते: इथून कधीही रस्ता नव्हता, हे आज्याने मला सांगितले आहे. ग्रामसभेत सर्वांदेखत ते बोलून गेले होते, "जुना कागद दाखवा. माझ्या हातानं कुंपणाच्या तारा काढतो."

मिलिंद आळेफाट्याला चहाला थांबला आणि त्याने तो कागद पाहिला. ओढ्यापासून किसनरावांच्या शेतातून थेट देवळापर्यंत तुटक रेष. तुटक रेष म्हणजे वाट, हे नकाशाच्या कडेलाच लिहिलेले होते. त्याने मोबाइलवर फोटो काढून गावात दाखवला. किसनराव म्हणाले, मोबाइलमधलं मी मानत नाही. ते स्वतः एसटीने आळेफाट्याला आले, चष्मा पुसून नकाशासमोर उभे राहिले, रेषेवरून बोट फिरवले, मागवलेला चहा न घेता परत गेले आणि त्या आठवड्यात त्यांनी कुंपणाच्या तारा काढल्या.

हे सारे मिलिंदने दुकानात येऊन सांगितले. पेढे आणले होते. घरमालकांनी पेढा घेतला आणि विचारले, "त्या रस्त्यानं आता गाडी कोणत्या दिशेनं येते?"

"कोन्त्या म्हंजी? दारात येती," मिलिंद म्हणाला.

त्यानंतर काही महिन्यांनी घोडेगावहून निरोप आला. तिथल्या एका घरात एक वृद्ध बाई एकट्या राहत. हॉटेलातल्या नकाशासारखाच कागद आमच्या ट्रंकेत आहे, येऊन पाहून जा, असे त्यांनी कळवले होते. आम्ही आंबेगाव तालुक्याच्या एसटीत बसलो. वाटेत ते लहान मुलासारखे खिडकीशी बसून होते. झेरॉक्स ज्याची होती तो मूळ कागद पाहायला मिळणार होता.

बाईंनी तो पलंगावर पसरला. मागून कापड लावलेला, कडा पिवळ्या. घरमालकांनी आधी हात धुतले. मग नेहमीप्रमाणे नदीपासून सुरुवात करून एकेक गाव पाहत पूर्वेकडे सरकले. एके ठिकाणी थांबले. बोटाचे टोक कागदावर ठेवले आणि हळूच ओढले. मग डोळे मिटून पुन्हा ओढले.

मी वाकून पाहिले. तिथे शाई नव्हती. कोणीतरी कधी काळी नकाशाचा कोपरा दुमडला होता. खिशात बसावा म्हणून असेल. बाकीच्या घड्या सबंध कागदावर आरपार गेल्या होत्या, त्या त्यांनी झेरॉक्सवरूनही ओळखल्या होत्या. ही घडी कोपऱ्यापुरतीच होती; एका कडेला ओढ्यापाशी सुरू होऊन दुसऱ्या कडेला देवळापाशी संपत होती. घासून घासून तिचा कागद जागोजागी विरला होता, त्यामुळे झेरॉक्समध्ये ती तुटक उमटली होती.

त्यांचा चहा निवला. बाईंनी दुसरा करू का विचारले, त्यांनी मान हलवली. हो की नाही ते कळले नाही. येताना एसटीत पाइप दोन्ही गुडघ्यांमध्ये धरून बसले होते. उत्तर दिशा कोठे आहे हे त्या दिवशी त्यांनी सांगितले नाही.

घरी आल्यावर त्यांनी काकूंना सांगितले. काकू भाजी निवडत होत्या.

"कुणी विचारलंय?" काकूंनी विचारले.

"नाही."

"मग गप्प बसा. मिलिंदच्या आईचे गुडघे तुमच्या घडीवर चालत नाहीत. रस्त्यावर चालतात."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर साक्षीदाराने द्यावे, न विचारलेले बोलू नये, हे मी जन्मभर ऐकले आहे, तेच सांगितले.

"मी साक्षीदार असतो तर ऐकलं असतं," ते म्हणाले. "त्या माणसानं माझ्या रेषेवर तारा काढल्या. रेष माझी आहे."

"आणि रस्ता बंद झाला तर?" काकूंनी विचारले.

ते पुढचे काही दिवस घोडेगावला जात राहिले आणि त्या बाईंच्या पलंगावर मूळ कागद ठेवून नवी नक्कल काढली. तीत तो रस्ता नव्हता. कोपऱ्यात लिहिले, "मुळावरून नक्कल". मिलिंदच्या गावी निघण्याच्या सकाळी काकू त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मात्र भाकरी दोघांची बांधून दिली.

त्या गावात उतरून आम्ही नव्या रस्त्यानेच चालत गेलो. चाकोऱ्या पडल्या होत्या. ओढ्यापलीकडे मिलिंदची गाडी दारात उभी दिसत होती. ते चालताना खाली पाहत होते, आणि एकदा थांबून मागे वळून पाहिले. काय पाहिले ते मला नंतर कळले.

किसनरावांच्या अंगणात त्यांनी सांगितले, शेवंताबाईंना आणि मिलिंदला बोलवा, सगळ्यांसमोर बोलायचे आहे. शेवंताबाई काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी आल्या. किसनरावांनी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या. त्या खुर्चीत त्या पहिल्यांदाच बसत असाव्यात असे मला वाटले. दोघांपैकी कोणीच तसे दाखवले नाही.

बाजेवर दोन नकाशे शेजारी शेजारी पसरले. कोपऱ्यांवर तांब्या, अडकित्ता, मिलिंदचा मोबाइल ठेवले. चौथा कोपरा मी धरला.

"हा हॉटेलातला," ते म्हणाले. "हा मूळ कागदावरून काढलेला. यात रस्ता नाही. आधीच्यात जो आहे तो रस्ता नव्हे, कागदाची घडी आहे. कोणी तरी कोपरा दुमडला होता. मी तिला वाट समजलो."

कोंबड्या फिरत होत्या.

"काका," मिलिंद म्हणाला, "तुमाला कुनी इचारलं व्हतं का?"

"नाही."

"मंग कशापायी आला?"

किसनरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि नव्या नकाशावर वाकले. त्यांना रस्ता दिसत नव्हता, आणि ते तोच पाहत होते.

"म्हंजी," ते हळू म्हणाले, "माझा आजा खोटं बोलत नव्हता."

"नव्हता."

"डेरीवर लोक तोंडावर बोलले. आज्यानं रस्ता खाल्ला अन् नातवानं ओकला. मी दूध घालायला जायचं सोडलं, गड्याला धाडतो. घरातला आज्याचा फोटू काढून ठिवला. काढताना काच फुटली."

हे आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आले नव्हते. काकूंच्याही नाही, माझ्याही नाही. त्या रेषेने एका घराला रस्ता दिला होता आणि दुसऱ्या घरातून एक माणूस काढून घेतला होता.

"आता काय मंग?" मिलिंदने विचारले. "तारा परत?"

"म्या शबुद कागदाला दिला व्हता," किसनराव म्हणाले. "कागद गेला."

मिलिंद उठू लागला. शेवंताबाईंनी काठी आडवी धरून त्याला बसवले.

"किसनराव, आमाला रस्ता पायजे व्हता," त्या म्हणाल्या. "तुमचा आजा लबाड ठरावा, असं आमी कवाच म्हणलं न्हाई. फोटू लावा तुमी परत."

"मंग आता मागा. कागद न्हाई म्हणल्यावर माझ्याकडं मागा."

"लई वर्सं मागितला. खुर्चीत बसून चौघांच्या खांद्यावरनं बांधानं गेले, तवा तुमी हितंच उभं राहून बघत व्हता. त्ये मागनंच व्हतं. आता न्हाई मागत. तारा घालायच्या त घाला. तहसीलात आमचा अर्ज हाय, त्यो चालंल."

किसनराव शेताकडे पाहत राहिले. रागावले असावेत, लाजले असावेत. मी चेहरा वाचण्याचे काम कधी केलेले नाही, शब्द तेवढे उतरवले आहेत. ते शब्द असे होते:

"तारा टोमॅटोच्या मांडवाला घातल्यात. पीक निघाल्याबिगर निघायच्या न्हाईत."

"आन् पीक निघाल्यावर?" मिलिंदने विचारले.

"फुडचं पीक असतं."

कोणी हसले नाही, पण मिलिंदने मोबाइल उचलून खिशात टाकला. नकाशाचा कोपरा गुंडाळला गेला. किसनराव आमच्या घरमालकांकडे वळले.

"पाइपवाले, एक नवा नकाशा काढा. आजचा. त्याच्यात लिवा, आज्यानं रस्ता खाल्ला नव्हता. ह्यो किसननं दिला."

"दिला कुठं?" शेवंताबाई म्हणाल्या. "तारा टमाट्याला हायेत, म्हणून हाय. वहिवाट लिवा."

"वहिवाट कशी? कवापासनं?"

"आये, गप ना," मिलिंद म्हणाला.

"म्या का गप? ते लिवून घ्याया लागलेत."

तेव्हा घरमालक बोलले. "नकाशात रस्ता कुणी दिला ते लिहीत नाहीत. कुणी अडवला तेही लिहीत नाहीत. रस्ता असेल तर रेष असते. नसेल तर नसते."

दोघांनाही हे आवडले नाही. दोघांनीही ऐकले.

आयुष्यात त्यांनी काढलेला तो एकच नवा नकाशा. टेपचे एक टोक माझ्या हातात देऊन ते ओढ्यापासून देवळापर्यंत गेले आणि परत आले. येताना त्यांनी मला ती जागा दाखवली जिथे ते सकाळी थांबले होते. शेताच्या मध्यावर किसनरावांची विहीर आहे. घडी विहिरीच्या अंगावरून सरळ गेली होती. रस्ता विहिरीला वळसा घालून जात होता.

"पाहा," ते म्हणाले. "माझी रेष सरळ आहे. खऱ्या रस्त्याला वळायला लागतं. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं."

नकाशाच्या दोन प्रती चौकटीत बसवून दोन घरी पोचवल्या. आज्याच्या फोटोला नवी काचही लावून दिली. कोपऱ्यात काय लिहावे यावर ते बरेच दिवस अडले होते. मूळ नव्हते आणि नक्कलही नव्हती. शेवटी लिहिले, "पाहून काढला".

आळेफाट्याचा नकाशा बदलायला गेलो तर हॉटेलमालक तयार होईना. "राहू द्या की, काका. गिऱ्हाईक बघत बसतं. चहा येईस्तोवर आरडत न्हाई. नवा पण द्या, फ्यामिली रूमात लावतो." त्यांनी वाद घातला नाही. चौकट उतरवली, मागचा पुठ्ठा काढला, आणि "नकलेवरून नक्कल" या शब्दांखाली लाल शाईने लिहिले की, ओढ्यापासून देवळापर्यंतची तुटक रेष ही कागदाची घडी आहे, रस्ता नव्हे.

"हे कोणी वाचणार नाही," मी म्हणालो.

"लिहिणं माझ्याकडे. वाचणं त्यांच्याकडे," ते म्हणाले, आणि चौकट पुन्हा खिळ्यावर चढवली.

ते वारले. काकू खालीच असतात. पाइप दुकानात खुंटीला टांगलेला आहे; कोणी नळ दुरुस्तीसाठी विचारले तर काकू त्यांना माघारी पाठवत नाहीत, आधी बसवून चहा देतात. किसनरावांचे टोमॅटो निघाले. तारा त्यांनी पुढच्या पिकाला घातल्या, आणि त्यापुढच्याही.

मागच्या महिन्यात नाशिकच्या बसची वाट पाहत मी आळेफाट्याच्या त्या हॉटेलात बसलो होतो. नकाशासमोर एक शेतकरी आपल्या बायकोला काहीतरी दाखवत होता. काचेवरचे त्याचे बोट ओढ्यापासून देवळाकडे चालले होते.

"ह्यो बघ आपला मिलिंदच्या घराचा रस्ता," तो म्हणाला. "पूर्वीपासनं हाय."

मला कोणी विचारले नव्हते. मी उठलो. "खालचा कोपरा वाचा," म्हणालो.

त्याने वाकून वाचले. मग सरळ होऊन माझ्याकडे संशयाने पाहिले. "रस्ता नव्हे? आवं, परवाच गाडी घिऊन गेलो मी तिथनं."

"विहिरीला वळसा घालून जातो ना?"

"व्हय."

"मग तो हा नव्हे," मी म्हणालो, आणि चहा आला होता म्हणून जागेवर जाऊन बसलो.